छोट्या बोर्डावर एमक्यूटीटी क्लायंट: जोडणी तुटते तेव्हा काय करायचं

ईएसपी३२ किंवा ईएसपी८२६६ या वायफाय असलेल्या चिपचा छोटा बोर्ड घ्यायचा, लायब्ररीसोबत आलेलं उदाहरण उघडायचं, वायफायचं नाव आणि पासवर्ड भरायचा. दहा मिनिटांत बोर्डावरचा आकडा संगणकाच्या पडद्यावर दिसतो. एमक्यूटीटीशी, म्हणजे यंत्रांनी एकमेकांना छोटे संदेश पाठवण्याच्या प्रोटोकॉलशी (ठरलेल्या पद्धतीशी), बहुतेकांची ओळख अशीच होते, माझीही अशीच झाली. अडचण सुरू होते अकराव्या मिनिटाला. राउटर रात्री आपोआप रीस्टार्ट होतो, ब्रोकर (संदेश पोचवणारा मधला सर्व्हर) चालवणारा संगणक अपडेट घेतो, कुणीतरी बोर्डासमोर लोखंडी कपाट आणून ठेवतं. उदाहरणातल्या कोडमध्ये यातल्या कशाचाच विचार नसतो. म्हणून या लेखात जोडणी करण्यावर थोडं, आणि ती तुटल्यावर बोर्डाने कसं वागावं यावर बरंच लिहिलं आहे.

उदाहरण एकच धरू. वरच्या टाकीत पाण्याची पातळी मोजणारा एक बोर्ड आहे आणि खाली पंप चालू-बंद करणारा दुसरा. पहिला फक्त सांगतो, दुसरा ऐकतो आणि कृती करतो. एमक्यूटीटीतले जवळजवळ सगळे खाचखळगे या दोघांत सापडतात.

एक खुलासा आधीच करतो. आज्ञा, फंक्शनची नावं, सेटिंगचे शब्द मी इथे देवनागरीत लिहिले आहेत. कोडमध्ये आणि फाइलींत ते रोमन लिपीतच जातात. तयार कोडही दिलेला नाही, तो लायब्ररीच्या उदाहरणांत भरपूर आहे. त्यात काय बदलायचं, ते इथे आहे.

मधला माणूस

एमक्यूटीटीत यंत्रं एकमेकांशी थेट बोलत नाहीत. मधे ब्रोकर नावाचा सर्व्हर असतो. टाकीचा बोर्ड ब्रोकरला म्हणतो, "या टॉपिकवर हा मजकूर." त्या टॉपिकला (संदेशाच्या विषयाला) ज्यांनी सबस्क्राइब केलंय, म्हणजे त्यावरचे संदेश मागितलेत, त्या सगळ्यांना ब्रोकर तो पोचवतो. टाकीच्या बोर्डाला पंपाचा आयपी पत्ता माहीत नसतो, पंप जगात आहे की नाही हेही माहीत नसतं. हा अनोळखीपणा फायद्याचा आहे. उद्या मोबाइलवर पातळी बघायची असेल तर टाकीच्या बोर्डाला हातही लावावा लागत नाही.

हा प्रोटोकॉल १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनवर नजर ठेवण्यासाठी आखला. दुर्गम जागेतली उपकरणं, मधे महागडा आणि बेभरवशाचा उपग्रहाचा दुवा. त्यामुळे दोन गोष्टी याच्या रक्तातच आहेत: बाइट वाचवणं आणि जोडणी कधीही तुटेल असं गृहीत धरणं. पॅकेटचा ठरावीक हेडर कमीत कमी २ बाइटचा असतो, आणि "मी आहे" एवढंच सांगणारं पिंग पॅकेट तेवढ्या २ बाइटांतच संपतं. आज दोन आवृत्त्या वापरात आहेत: २०१४ मध्ये ओॲसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने मानक म्हणून स्वीकारलेली ३.१.१ आणि २०१९ ची ५.०. छोट्या बोर्डांवर अजून ३.१.१ चंच राज्य आहे आणि सुरुवातीला तेवढं पुरतं.

ब्रोकर उभा करा, आणि बोर्डाला इतक्यात हात लावू नका

घरच्या कामासाठी मॉस्किटो हा ब्रोकर पुरेसा आहे. जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय त्याला सहज पेलतो. इन्स्टॉल केल्यावर पहिली ठेच इथेच लागते. मॉस्किटोच्या २.० आवृत्तीपासून काहीही सेटिंग न करता तो चालवला, तर तो फक्त त्याच संगणकावरच्या क्लायंटचं (ब्रोकरला जोडणाऱ्या प्रोग्रॅमचं) ऐकतो. बाहेरून बोर्डाने कितीही दार ठोठावलं तरी उपयोग नाही. जुन्या लेखांत हे सापडत नाही, आणि लोक दोन-दोन दिवस बोर्डाचा कोड तपासत बसतात.

सेटिंगच्या फाइलीत 'लिसनर' हा शब्द आणि त्यापुढे १८८३ हा पोर्ट क्रमांक अशी एक ओळ घाला. लिसनर घातला की निनावी क्लायंटना प्रवेश आपोआप बंद होतो, म्हणून पासवर्डची फाइलही तयार करावी लागते. ती 'मॉस्किटो-पासवर्ड' नावाच्या सोबतच्या साधनाने होते. पहिलं नाव घालताना हायफन-सी हा पर्याय द्यावा लागतो, त्याने नवी फाइल बनते. दुसऱ्या नावाच्या वेळी तोच पर्याय सवयीने दिलात तर आधीची फाइल पुसली जाते. टाकीसाठी एक नाव, पंपासाठी दुसरं, स्वतःसाठी तिसरं, असं आत्ताच करून ठेवा. पुढे कामी येईल.

आता दोन टर्मिनल उघडा. एकात ऐकणारी आज्ञा, 'मॉस्किटो-सब', दुसऱ्यात बोलणारी, 'मॉस्किटो-पब'. ऐकणाऱ्या खिडकीत टॉपिकच्या जागी नुसतं हॅश चिन्ह द्या आणि हायफन-व्ही जोडा. म्हणजे ब्रोकरवरून जाणारा प्रत्येक संदेश टॉपिकसकट दिसेल. चिन्ह अवतरणांत ठेवा, नाहीतर शेल त्याला टिप्पणी समजून गिळतो. ही खिडकी पुढचं सगळं काम होईपर्यंत उघडीच ठेवा. काही चाललं नाही की पहिला प्रश्न एकच: संदेश ब्रोकरपर्यंत आला का? खिडकी लगेच उत्तर देते, आणि दोष कुणाच्या बाजूला आहे ते कळतं.

हीच चाचणी दुसऱ्या एखाद्या संगणकावरूनही करा, कारण त्याच संगणकावरून चाललं म्हणजे फायरवॉल उघडी आहे असं होत नाही.

टॉपिकची नावं

टॉपिक म्हणजे तिरक्या रेघांनी तोडलेला मजकूर. आपल्या उदाहरणासाठी मी हे पाच ठेवीन: घर/टाकी/पातळी, घर/पंप/आदेश, घर/पंप/स्थिती आणि प्रत्येक बोर्डासाठी एक हजेरी, म्हणजे घर/टाकी/हजेरी, घर/पंप/हजेरी.

आदेश आणि स्थिती वेगळे ठेवणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पंपाला "चालू हो" सांगणं आणि पंप खरोखर चालू होणं या दोन वेगळ्या घटना आहेत. दोन्हींना एकच टॉपिक दिला तर मोबाइलवर बटण हिरवं दिसतं आणि पंप मात्र झोपलेला असतो. शिवाय पंपाचा बोर्ड स्वतःच पाठवलेला संदेश स्वतःलाच आदेश म्हणून ऐकतो, आणि हे चक्र कधीकधी थांबत नाही. आदेश फक्त ऐकायचा. प्रत्यक्ष रिले (पंपाची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) बदलल्यावर स्थिती सांगायची.

सुरुवातीला तिरकी रेघ देऊ नका. दिलीत तर तिच्या आधी एक रिकामी पायरी तयार होते, आणि घर/टाकी व /घर/टाकी हे ब्रोकरच्या लेखी दोन वेगळे टॉपिक ठरतात. ऐकताना अधिक चिन्ह एका पायरीच्या जागी चालतं (घर/+/हजेरी म्हणजे सगळ्या बोर्डांची हजेरी) आणि हॅश उरलेल्या सगळ्या पायऱ्यांच्या जागी. पाठवताना मात्र ही चिन्हं चालत नाहीत.

टॉपिक देवनागरीत ठेवता येतात का? येतात, प्रोटोकॉलमध्ये टॉपिक यूटीएफ-८ मध्येच (सगळ्या लिपी चालणाऱ्या पद्धतीत) असतात. पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, मात्रा आणि वेलांट्या धरून. घर/टाकी/पातळी याचे ३५ बाइट होतात. रोमन लिपीत हेच पंधरा-सोळा बाइटांत बसतं. संगणकावर याने काही बिघडत नाही, बोर्डावर बफरच (संदेश ठेवायची मेमरीतली जागा) मोजून मिळतो. मी हौसेने एकदा देवनागरीत ठेवले आणि नंतर गुपचूप बदलले.

बोर्डावर पहिला संदेश

आर्डुइनोच्या वातावरणात सगळ्यात जास्त वापरली जाणारी लायब्ररी म्हणजे पबसबक्लायंट. ती लहान आहे, समजायला सोपी आहे, आणि तिच्या मर्यादा ठाऊक असतील तर भरवशाची आहे. ईएसपी३२ वर निर्मात्याच्या मूळ साधनसंचाने काम करत असाल तर त्यातला ईएसपी-एमक्यूटीटी हा क्लायंट जास्त समर्थ आहे. तो वेगळ्या टास्कमध्ये चालतो आणि पुन्हा जोडणीही स्वतः करतो. इथे पबसबक्लायंट धरून चालू.

क्रम असा: वायफाय जोडा, ब्रोकरचा पत्ता आणि पोर्ट सांगा, संदेश आल्यावर कोणतं फंक्शन चालवायचं (कॉलबॅक) ते सांगा, मग जोडा, मग सबस्क्राइब करा, आणि मुख्य लूपमध्ये (कोडच्या सतत फिरत राहणाऱ्या भागात) लायब्ररीचं लूप फंक्शन पुन्हा पुन्हा बोलवत राहा. वायफाय २.४ गिगाहर्ट्झचंच लागतं, ईएसपी८२६६ आणि मूळ ईएसपी३२ ला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. सेन्सर आज जोडू नका. दर दहा सेकंदांनी एक वाढत जाणारा आकडा पाठवा. उघड्या खिडकीत आकडे सलग येऊ लागले की मग सेन्सर. दोन्ही एकदम केलंत की चुकीचा आकडा वायरीमुळे आला की कोडमुळे, ते कळत नाही.

जोडताना क्लायंट आयडी द्यावा लागतो, आणि तो ब्रोकरवर एकमेव असला पाहिजे. त्याच आयडीने दुसरा कुणी आला की ब्रोकरने जुन्याला हाकलायचं, असा नियम आहे. उदाहरणातला कोड दोन बोर्डांवर जसाच्या तसा चढवला की गंमत बघायला मिळते: पहिला जोडला जातो, दुसरा येऊन त्याला बाहेर काढतो, पहिला पुन्हा येऊन दुसऱ्याला काढतो. दोन्ही बोर्ड दर काही सेकंदांनी तुटताहेत, वायफाय ठणठणीत आहे, असं दिसलं तर आधी आयडी बघा. बोर्डाचा मॅक पत्ता (प्रत्येक बोर्डाचा वेगळा असलेला हार्डवेअर पत्ता) आयडीत मिसळला की हा प्रश्न कायमचा मिटतो. ३.१.१ नुसार २३ बाइटांपर्यंतचा, साध्या अक्षर-अंकांचा आयडी प्रत्येक ब्रोकरला स्वीकारावाच लागतो, म्हणून त्याच मर्यादेत राहा.

कॉलबॅकमधले तीन सापळे

संदेश आला की लायब्ररी तुमच्या फंक्शनला टॉपिक, मजकूर आणि मजकुराची लांबी देते. मजकुराच्या शेवटी शून्य बाइट नसतो, म्हणजे सी भाषेच्या अर्थाने ती स्ट्रिंग नसते. तिला सरळ स्ट्रिंग समजून तुलना केली तर कधी चालते, कधी शेवटी कचरा दिसतो. मागच्या मोठ्या संदेशाचे उरलेले बाइट तिथे पडलेले असतात. लांबी वापरा, तेवढेच बाइट वेगळ्या जागी उतरवून घ्या आणि शेवटी शून्य स्वतः लावा.

उतरवून घेण्याचं आणखी एक कारण आहे. पबसबक्लायंट येणाऱ्या आणि जाणाऱ्या संदेशांसाठी एकच बफर वापरतं. कॉलबॅकच्या आत तुम्ही पब्लिश केलंत (संदेश पाठवलात) की नुकताच आलेला टॉपिक आणि मजकूर दोन्ही त्याखाली चिरडले जातात. पुढच्या ओळीत तोच टॉपिक तपासत असाल तर बसा डोकं खाजवत.

आणि तो बफर मुळात छोटा आहे. २.८ आवृत्तीत तो २५६ बाइटांचा असतो, त्याआधी १२८ चा होता. त्यात हेडर, टॉपिक आणि मजकूर सगळं बसलं पाहिजे. लायब्ररी हेडरसाठी ५ आणि टॉपिकच्या लांबीसाठी २ बाइट धरते, त्यामुळे वरचा ३५ बाइटांचा देवनागरी टॉपिक वापरला तर मजकुराला २१४ उरतात. त्यापेक्षा मोठा जेसन (नाव-किंमत अशा जोड्यांचा मजकूर) पाठवला तर पब्लिश फंक्शन 'नाही' असं उत्तर देतं, पण ते उत्तर कुणी वाचतच नाही. उलट दिशेने तर आणखी वाईट: बफरपेक्षा मोठा संदेश आला की लायब्ररी तो गुपचूप टाकून देते, कॉलबॅक चालतच नाही. "छोटे संदेश येतात, मोठे येत नाहीत" हे लक्षण दिसलं की बफर वाढवा. त्यासाठी वेगळं फंक्शन आहे.

कॉलबॅकमध्ये लांबलचक काम करू नये, हे ओघाने आलंच. आलेला आदेश एका चलात नोंदवा, बाहेर या, आणि रिले मुख्य लूपमध्ये बदला.

लूप अडकू देऊ नका

जोडणी जिवंत आहे हे दोन्ही बाजूंना कळावं म्हणून कीप-अलाइव्ह नावाची मुदत असते. पबसबक्लायंटमध्ये ती १५ सेकंदांची असते. तेवढ्या वेळात बोर्डाकडून काहीच गेलं नाही तर लायब्ररी पिंग पाठवते, पण केव्हा? तिचं लूप फंक्शन तुम्ही बोलवाल तेव्हाच. तुमच्या कोडमध्ये ३० सेकंदांचा डिले (कोड तेवढा वेळ थांबवणारी आज्ञा) असेल तर पिंग जात नाही, आणि मुदतीच्या दीडपट वेळ, म्हणजे साडेबावीस सेकंद, काहीच ऐकू आलं नाही की ब्रोकर जोडणी तोडतो. मग "दर अर्ध्या मिनिटाने तुटतं" अशी तक्रार सुरू होते. डिले काढा. मिलीसेकंद मोजणाऱ्या घड्याळाने "मागच्या वेळेपासून इतका वेळ झाला का" असं विचारत लूप मोकळा फिरू द्या.

टाकीची पातळी दर सेकंदाला ओरडून सांगायचीही गरज नसते. पातळी एक टक्क्याने बदलली तर पाठवा, आणि काहीच बदललं नाही तरी दर पाच मिनिटांनी एकदा पाठवा. दुसरी अट विसरू नका. नाहीतर स्थिर पाणी आणि मेलेला सेन्सर यांतला फरक कळणार नाही.

आता तुटण्याबद्दल

बहुतेक उदाहरणांत पुन्हा जोडणीचं फंक्शन असं असतं: जोपर्यंत जोडलेलं नाही तोपर्यंत प्रयत्न करत राहा, मधे पाच सेकंद थांबा. टाकीच्या बोर्डाला हे चालून जाईल. पंपाच्या बोर्डासाठी हे धोक्याचं आहे. पंप चालू असताना ब्रोकर गेला, तर बोर्ड या फेऱ्यात अडकून राहतो. त्या काळात तो बटण वाचत नाही, वेळ मोजत नाही, पंप बंद करत नाही.

पंपाच्या बोर्डाचा लूप मी असा रचतो. सगळ्यात आधी सुरक्षेची कामं: पंप ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त चालला का, हाताचं बटण दाबलं का. ही कामं नेटवर्कला विचारत नाहीत. मग वायफाय आहे का बघायचं. नसेल तर एमक्यूटीटीचा प्रयत्नच करायचा नाही. वायफाय आहे पण ब्रोकर नाही, आणि पुढच्या प्रयत्नाची वेळ झाली आहे, तर एकच प्रयत्न करायचा. जमला तर ठीक, नाहीतर पुढची वेळ ठरवून पुढे जायचं.

एक प्रयत्नसुद्धा फुकट नसतो. पलीकडून उत्तर येत नसेल तर लायब्ररीचं जोडणीचं फंक्शन १५ सेकंदांपर्यंत अडवून धरू शकतं. ही मर्यादा बदलता येते, मी ती ३-४ सेकंदांवर आणतो. तेवढा वेळही पंप अनियंत्रित राहू नये असं वाटत असेल तर टाकीत तरंगता स्विच बसवून तो रिलेच्या मार्गात जोडा. पाणी वर आलं की वीज तुटते, मग कोड काहीही म्हणो. संदेशावर विसंबून जिथे नुकसान होऊ शकतं तिथे शेवटचा शब्द तारेचाच असावा, या मताचा मी आहे.

प्रयत्नांमधलं अंतर वाढवत न्या: १ सेकंद, २, ४, ८, असं एका मिनिटापर्यंत. त्यात थोडा यादृच्छिक आकडा मिसळा. दोन बोर्डांना याने फरक पडत नाही, पण वीज जाऊन आल्यावर वीस बोर्ड एकाच क्षणी ब्रोकरवर तुटून पडले की फरक दिसतो.

प्रयत्न फसला की स्थिती सांगणारा आकडा सीरियल मॉनिटरवर (यूएसबीवरून बोर्डाचा मजकूर दाखवणाऱ्या खिडकीत) छापा. वजा २ म्हणजे ब्रोकरपर्यंत पोचताच आलं नाही: पत्ता, पोर्ट, फायरवॉल किंवा तो आधीचा लिसनर बघा. वजा ४ म्हणजे दार उघडलं पण वेळेत उत्तर आलं नाही. वजा ३ म्हणजे चालू जोडणी तुटली. २ म्हणजे आयडी नाकारला. ४ किंवा ५ म्हणजे नाव, पासवर्ड किंवा परवानगी. एवढ्या आकड्यांवर निम्मे प्रश्न सुटतात.

आणि जोडणी परत आली की सबस्क्राइब पुन्हा करा. क्लायंट सहसा 'क्लीन सेशन' पद्धतीने जोडतो, म्हणजे ब्रोकर त्याची जुनी यादी विसरलेला असतो. सेटअपमध्ये (बोर्ड चालू होताना एकदाच चालणाऱ्या भागात) एकदाच सबस्क्राइब करणारा बोर्ड पहिल्या तुटण्यानंतर बहिरा होतो: पाठवत राहतो, ऐकत काहीच नाही. म्हणून सबस्क्राइब नेहमी जोडणी यशस्वी झाल्याच्या लगेच पुढच्या ओळीत.

रिटेन आणि माझी ओसंडलेली टाकी

संदेश पाठवताना रिटेनची खूण केली तर ब्रोकर त्या टॉपिकचा शेवटचा संदेश जपून ठेवतो आणि नंतर येऊन सबस्क्राइब करणाऱ्याला लगेच देतो. पातळीसाठी हे छान आहे, मोबाइल उघडताक्षणी शेवटचा आकडा दिसतो.

आदेशासाठी मात्र हे विष आहे. एकदा चाचणी करताना टर्मिनलमधली जुनी आज्ञा वरच्या बाणाने परत आणली, टॉपिक बदलून पंपाला "चालू" पाठवलं, आणि त्या आज्ञेतला रिटेनचा हायफन-आर तसाच राहिला. पंप चालू झाला, मी बंद केला, विषय संपला असं वाटलं. बंदचा आदेश अर्थातच रिटेनशिवाय गेला होता, त्यामुळे ब्रोकरकडे जपलेला शब्द "चालू" हाच होता. काही दिवसांनी रात्री राउटर रीस्टार्ट झाला. पंपाचा बोर्ड पुन्हा जोडला गेला, इमानदारीत सबस्क्राइब केलं, आणि ब्रोकरने जपून ठेवलेला आदेश त्याच्या हातात दिला. सकाळी जिन्यावरून पाणी वाहत होतं.

जपलेला संदेश पुसायचा तर त्याच टॉपिकवर रिटेनच्या खुणेसह रिकामा मजकूर पाठवायचा. आणि नियम असा ठेवायचा: स्थिती आणि सेटिंग रिटेन करा, कृती करू नका. "दर दहा मिनिटांनी मोजत जा" हे सेटिंग आहे, ते जपलेलंच बरं. "पंप चालू कर" ही कृती आहे. आदेशात "उलट कर" असा शब्दही ठेवू नका, "चालू" आणि "बंद" असे स्पष्ट शब्द ठेवा. तोच संदेश दोनदा आला तरी परिणाम एकच राहतो.

दोनदा येईल का? क्यूओएस (संदेश पोचण्याच्या हमीची पातळी) १ वापरलंत तर येऊ शकतो. क्यूओएस ० म्हणजे पाठवला आणि विसरलो, १ म्हणजे पोच मिळेपर्यंत पुन्हा पाठवणं (म्हणून कधी दोनदा), २ म्हणजे चार पॅकेटांची देवाणघेवाण करून नेमका एकदा. पबसबक्लायंट पाठवताना फक्त ० जाणतं, ऐकताना ० आणि १. पातळीसाठी ० पुरतं, पाच मिनिटांनी पुढचा आकडा येणारच आहे. आणि लक्षात घ्या, ही हमी क्लायंट आणि ब्रोकर यांच्यामधली आहे. तुम्हाला मिळालेली पोच ब्रोकरची असते, पंपाची नव्हे. पंपाला आदेश मिळाला हे फक्त घर/पंप/स्थिती या टॉपिकवरून कळतं.

हजेरी आणि मृत्युपत्र

बोर्ड जोडताना ब्रोकरकडे एक संदेश ठेवून जाऊ शकतो: "मी न सांगता गायब झालो तर माझ्या वतीने हे जाहीर कर." याला लास्ट विल म्हणतात. घर/पंप/हजेरी या टॉपिकवर "गैरहजर" हा मजकूर, रिटेनसह, विल म्हणून ठेवा. जोडणी होताच त्याच टॉपिकवर "हजर" पाठवा, तेही रिटेनसह. बोर्डाची वीज गेली की ब्रोकर दीडपट मुदत संपल्यावर "गैरहजर" जाहीर करतो. लगेच कळत नाही, हे ध्यानात असू द्या.

बोर्ड पटकन रीसेट होऊन त्याच आयडीने परतला तर ब्रोकर जुनी जोडणी तोडताना जुन्या बोर्डाचं विल जाहीर करतो. म्हणून "हजर" हा संदेश सेटअपमध्ये एकदाच पाठवून भागत नाही, प्रत्येक यशस्वी जोडणीनंतर पाठवायचा. माझा क्रम: जोडणी, हजेरी, सबस्क्राइब, मग सध्याची स्थिती.

बॅटरीवरचा बोर्ड

टाकीपाशी वीज नसेल तर सगळं गणित बदलतं. वायफायवर पाठवताना ईएसपी३२ दोनशे मिलिअँपिअरच्या वर जातो, गाढ झोपेत चिप १० मायक्रोअँपिअरच्या आसपास उतरते. बाजारातल्या बोर्डांवरचा रेग्युलेटर आणि सतत जळणारा एलईडी हा आकडा बराच वाढवतात. जोडणी धरून ठेवण्याचा विचार इथे सोडून द्या. जागं व्हायचं, मोजायचं, जोडायचं, पाठवायचं, झोपायचं. मोजमाप वायफाय सुरू करण्याआधी करा. स्थिर आयपी दिला तर दर वेळी राउटरकडे पत्ता मागण्यातला वेळ वाचतो. ईएसपी८२६६ वेळ संपल्यावर स्वतः जागा व्हावा म्हणून जीपीआयओ १६ ही पिन रीसेटला जोडावी लागते. ही एक तार विसरल्याने पुष्कळ बोर्ड कायमचे झोपले आहेत.

झोपण्याआधी डिस्कनेक्ट नीट करा आणि क्षणभर थांबा. पब्लिश फंक्शनने होकार दिला म्हणजे मजकूर पाठवायच्या रांगेत लागला, हवेत गेला असं नव्हे. त्याच क्षणी झोपलात तर तो रांगेतच विरतो. नीट डिस्कनेक्ट केल्यावर विल जाहीर होत नाही, म्हणून झोपाळू बोर्डाची हजेरी विलवरून कळत नाही. "शेवटचा आकडा येऊन ठरलेल्या अंतराच्या तिप्पट वेळ गेला" अशी तपासणी ऐकणाऱ्या बाजूलाच करा.

कुलूप

१८८३ पोर्टवरून नाव आणि पासवर्ड उघडे जातात. घरातल्या बंद नेटवर्कवर हे चालवून घेणारे पुष्कळ आहेत, मीही आहे. पण ब्रोकर इंटरनेटवर उघडायचा असेल तर टीएलएस (प्रमाणपत्राने सर्व्हरची ओळख पटवून मजकूर कूटबद्ध करणारी पद्धत) आणि ८८८३ पोर्टशिवाय नको. सार्वजनिक चाचणी ब्रोकरवर हॅश लावून कुणीही सगळं ऐकू शकतं, तिथे पंपाचा आदेश तर मुळीच ठेवू नका.

टीएलएस लावल्यावर जोडणी होईना तर बहुधा घड्याळ चुकलेलं असतं. वीज आल्यावर बोर्ड १९७० सालात असतो आणि प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं वाटतं. आधी एनटीपीवरून (इंटरनेटवरून अचूक वेळ देणाऱ्या सेवेकडून) वेळ घ्या, मग जोडा. पुष्कळ जण यावर उपाय म्हणून प्रमाणपत्राची तपासणीच बंद करतात. मग मजकूर कूटबद्ध असतो, पण तुम्ही कुणाशी बोलताय ते माहीत नसतं. ईएसपी८२६६ वर टीएलएसचा येणाऱ्या मजकुराचा बफर एकटाच १६ केबीचा असतो आणि तुमच्या हाताशी मोकळी मेमरी जेमतेम चाळीस-पन्नास केबी. टीएलएस हवंच असेल तर ईएसपी३२ घ्या.

सुरुवातीला वेगवेगळी नावं केली होती ती आता वापरा. मॉस्किटोच्या परवानग्यांच्या फाइलीत टाकीच्या नावाला फक्त टाकीच्या टॉपिकवर लिहिता येईल असं ठेवा. वरचा बोर्ड कुणी काढून नेला आणि त्यातला पासवर्ड वाचला, तरी त्याला पंप चालवता येणार नाही.

मुद्दाम मोडून बघा

बसवण्याआधी टेबलावरच छळ करा. ब्रोकर बंद करून पाच मिनिटांनी चालू करा. राउटरची वीज काढा. राउटर चालू ठेवून फक्त त्याची ब्रोकरकडे जाणारी केबल काढा. ही चाचणी वेगळी आहे, कारण इथे वायफाय जोडलेलंच दिसतं आणि मुदत संपेपर्यंत बोर्डाला काही कळत नाही. प्रत्येक वेळी दोन गोष्टी तपासा: आकडे परत येऊ लागले का, आणि आदेश ऐकू येतो का. दुसरी तपासणी लोक विसरतात. रिले लावलेला ठेवूनच हे करा, कारण रिले ओढताना वीजपुरवठा खाली दबला की बोर्ड रीसेट होतो आणि ते एमक्यूटीटी तुटल्यासारखंच दिसतं. दोनदा कोड पूर्ण बदलल्यावर मला कळलं होतं की दोष पातळ यूएसबी केबलचा होता.

शेवटी प्रत्येक बोर्डाला एक निदानाचा टॉपिक द्या. दर दहा मिनिटांनी चालू होऊन किती वेळ झाला, मोकळी मेमरी किती, वायफायचा सिग्नल किती आणि मागच्या रीसेटचं कारण काय, एवढं पाठवा. दोन दिवस चालू द्या. मोकळी मेमरी हळूहळू उतरत असेल तर कुठेतरी स्ट्रिंग जोडत बसलेला कोड शोधा. चालू वेळ मधेच शून्यावर आलेली दिसली तर रीसेटचं कारण वाचा: वॉचडॉग (कोड अडकला की बोर्ड रीसेट करणारा टायमर) असेल तर लूप अडकतोय, वीज दबली असेल तर केबल आणि ॲडॅप्टर बदला.